करोना गेला, पॅसेंजर कुठे गेली?

माझी आत्या एका लहान स्टेशनाच्या गावात राहते. स्टेशनाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तुम्ही आपापल्या भागातलं एखादं आठवा. बुटका फलाट, पत्र्याची शेड, लिंबाचं झाड, तिकिटाची एक खिडकी. दिवसातून एक पॅसेंजर सकाळी जिल्ह्याच्या गावाला जायची आणि तीच संध्याकाळी परत यायची. आत्या महिन्यातून एकदा तिने जायची. सरकारी दवाखान्यातून शुगरच्या गोळ्या, मग लेकीकडे जेवण, मग पाचची गाडी. तिकीट दहा रुपये.

मार्च २०२०मध्ये गाडी बंद झाली, तेव्हा आत्याची काही तक्रार नव्हती. सगळंच बंद होतं. तक्रार सुरू झाली ती गाडी परत आली तेव्हा. गाडी आली, पण नव्या नावाने आली. आधी पॅसेंजर होती, आता ‘स्पेशल’ झाली होती. तिकीट तीस रुपये झालं होतं. आणि ती आत्याच्या स्टेशनावर थांबत नव्हती.

या लेखात मला एवढंच म्हणायचं आहे की साथीच्या काळात प्रवासावर घातलेले निर्बंध योग्य होते, पण ते उठवताना उघड उघड पंक्तिप्रपंच झाला. ज्यांच्याकडे आवाज होता, त्यांचे निर्बंध ठरलेल्या तारखेला उठले. ज्यांच्याकडे नव्हता, त्यांच्यासाठी ‘तात्पुरतं’ हे हळूच ‘कायमचं’ झालं आणि त्याची कुठे नोंदही झाली नाही.

आधी निर्बंधांबद्दल बोलून घेऊ, म्हणजे कुणी मला ‘तेव्हा काय गाड्या चालू ठेवायच्या होत्या का’ असं विचारणार नाही. नव्हत्या ठेवायच्या. २२ मार्च २०२०च्या जनता कर्फ्यूपासून देशभरातल्या प्रवासी गाड्या थांबल्या. रोजच्या तेरा हजारांहून अधिक गाड्या. युद्धात, संपात, पुरात जे झालं नव्हतं ते झालं. मुंबईची लोकल थांबली. २५ मार्चपासून देशांतर्गत विमानंही थांबली. तेव्हा लस नव्हती, औषध नव्हतं आणि नऊ डब्यांच्या गाडीत बसणाऱ्यांना सहा फुटांचं अंतर पाळायला सांगणं हा विनोद होता. थांबवलं ते बरोबर केलं.

पण रेल्वे थांबली असं जे आपण म्हणतो, ते अर्धंच खरं आहे. माणसांची रेल्वे थांबली होती. मालगाड्या चालूच होत्या, आणि त्या चालू राहिल्या म्हणून आपल्या ताटात अन्न आलं, हेही खरं. मात्र ८ मे २०२०च्या पहाटे औरंगाबादजवळ करमाडच्या परिसरात रुळांवर झोपलेल्या सोळा मजुरांच्या अंगावरून जी गेली, ती मालगाडीच होती. जालन्याहून ते भुसावळकडे चालत निघाले होते. तिथून गावाकडे जाणारी श्रमिक गाडी मिळेल या आशेने. थकून रुळांवर आडवे झाले. गाड्या बंद आहेत असं सगळा देश म्हणत होता, मग त्यांनीही तेच धरलं असणार. रुळांवर पसरलेल्या चपात्यांचा फोटो तुमच्यापैकी बहुतेकांनी फोनवरच पाहिला असेल.

त्यानंतर तीन महिन्यांनी, ७ ऑगस्ट २०२०ला, देशातली पहिली किसान रेल नाशिकजवळच्या देवळालीहून बिहारमधल्या दानापूरला सुटली. शंभरावी किसान रेल आपल्याच सांगोल्याहून पश्चिम बंगालमधल्या शालिमारला गेली, डिसेंबर २०२०च्या अखेरीस. डाळिंबं, कांदे, ढोबळी मिरची. मला त्या गाडीचं कौतुकच आहे. शेतकऱ्याचा माल वेळेत पोचणं ही लहान गोष्ट नव्हे. पण यातून एक गोष्ट सिद्ध होते की ठरवलं तर रेल्वेला आणीबाणीतही लहान स्टेशनावर थांबता येतं. सांगोल्यात डाळिंबासाठी गाडी उभी राहते. डाळिंब पिकवणाऱ्या बाईला दवाखान्यात जायचं असेल, तर प्रश्न वेगळा होतो.

आता परतीचा क्रम बघा. माझा सगळा राग या क्रमावर आहे.

विमानं परत सुरू झाली २५ मे २०२०ला, म्हणजे बरोबर दोन महिन्यांनी. सुरुवातीला एक तृतीयांश उड्डाणं, मग ४५ टक्के, ६०, ७०, ८०. दुसऱ्या लाटेत पुन्हा ५०. आणि १८ ऑक्टोबर २०२१ला पूर्ण १०० टक्के. भाड्यांवरही सरकारने पट्टा बांधला होता. चाळीस मिनिटांपर्यंतच्या उड्डाणाला सुरुवातीला किमान दोन हजार आणि कमाल सहा हजार. वरची मर्यादा प्रवाशाला वाचवायला, खालची मर्यादा लहान विमान कंपन्यांना मोठ्यांच्या स्वस्ताईपासून वाचवायला. हा पट्टा ३१ ऑगस्ट २०२२ला उठला. प्रत्येक पायरीला आदेश, प्रत्येक आदेशाला तारीख. विमानातली मधली सीट भरायची की रिकामी ठेवायची, यावर उच्च न्यायालयात आणि सर्वोच्च न्यायालयात सुनावण्या झाल्या, तज्ज्ञांची समिती बसली, आणि जून २०२०मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती भरायला मुभा दिली. एका सीटवर एवढा विचार झाला! झाला ते चांगलंच झालं.

त्याच मुंबईत लोकल १५ जून २०२०ला सुरू झाली ती फक्त अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी. बायकांना ऑक्टोबरमध्ये परवानगी मिळाली, तीही गर्दीच्या वेळा सोडून. सर्वसामान्यांना १ फेब्रुवारी २०२१ला, तेही सकाळी सातपर्यंत, दुपारी बारा ते चार आणि रात्री नऊनंतर. कुठल्या कारखान्याची पाळी या वेळांत बसते, हे ते वेळापत्रक आखणाऱ्यांनी एकदा सांगावं. एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेने पुन्हा दार बंद केलं आणि १५ ऑगस्ट २०२१ला ते दोन डोस घेतलेल्यांसाठी उघडलं. या मधल्या काळात विरार-वसईचा, कसारा-कर्जतचा माणूस घरी बसला नव्हता. तो एसटीच्या आणि बेस्टच्या बसमध्ये तीन-तीन तास उभा होता. जुलै २०२०मध्ये नालासोपाऱ्यात बस न मिळालेले लोक रुळांवर उतरले होते. म्हणजे गर्दी कमी झाली नव्हती. ती एका वाहनातून दुसऱ्या, जास्त कोंदट वाहनात गेली होती. लोकलच्या उघड्या दारातून निदान वारा तरी येतो.

विमानाची हवा गाळून येते, प्रवाशाचं नाव-पत्ता नोंदलेला असतो, संपर्क शोधणं सोपं जातं, हा युक्तिवाद मला मान्य आहे. मे २०२०मध्ये विमान आधी सुरू करण्याला कारण होतं. पण मग २०२२ आलं, साथ ओसरली, मास्क उतरले, लग्नं पुन्हा पाचशे पानांची झाली. तेव्हा उरलेले निर्बंध कुणाच्या अंगावर उरले होते?

जनरल डब्याच्या. पॅसेंजरच्या. म्हाताऱ्यांच्या.

हे कसं झालं ते जरा सावकाश सांगतो, कारण ते कुणी एका दिवसात केलेलं नाही आणि म्हणूनच ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

१७ जून २०२०. देशात जेमतेम दोनेकशे विशेष गाड्या धावत होत्या, लोक अजून भांडी वाजवण्याच्या आठवणीत होते. त्या दिवशी रेल्वे बोर्डाने विभागांना एक पत्र पाठवलं. दोनशे किलोमीटरहून जास्त धावणाऱ्या पॅसेंजर गाड्यांना एक्स्प्रेस करा. त्याच वर्षी ‘शून्याधारित वेळापत्रका’चं काम जोरात होतं, आयआयटी मुंबईच्या मदतीने. कल्पना अशी की जुनं वेळापत्रक पुसायचं, कोरा कागद घ्यायचा आणि प्रत्येक गाडीने, प्रत्येक थांब्याने आपली गरज नव्याने सिद्ध करायची. कल्पना म्हणून ती वाईट नाही. आपल्याकडे गाड्या एकावर एक चढवत गेल्याने वेळापत्रकाची गोधडी झाली आहे, हे कुठलाही स्टेशनमास्तर सांगेल. पण हा कोरा कागद अशा वेळी काढला गेला, जेव्हा प्रवासी घरात कोंडलेला होता. आपला थांबा गेला हे त्याला कळणारच नव्हतं, कारण कुठलीच गाडी थांबत नव्हती. ज्याच्या घराची झडती घ्यायची तो गावाला गेलेला असताना घ्यावी, तसं हे झालं.

मग गाड्या परत आल्या त्या ‘स्पेशल’ होऊन. नंबराच्या सुरुवातीला शून्य लागलं. ते शून्य तुम्हाला आठवत असेल. एका शून्याने पुष्कळ काही साधलं. गाडी ‘विशेष’ आहे म्हटल्यावर तिला नेहमीचे थांबे लागू नाहीत, नेहमीचं भाडं लागू नाही, नेहमीच्या सवलती लागू नाहीत. जनरल डबाही आरक्षित झाला. आयत्या वेळी खिडकीवर जाऊन तिकीट काढून चढणारा माणूस त्या काळात कायद्याने प्रवासीच राहिला नाही.

पॅसेंजरचं किमान भाडं दहाचं तीस झालं, कारण पॅसेंजरला एक्स्प्रेसचं भाडं लागलं. फेब्रुवारी २०२१मध्ये ओरड झाल्यावर रेल्वेने दिलेला खुलासा वाचण्यासारखा होता. भाडी किंचित वाढवली आहेत, कारण लोकांनी टाळता येण्यासारखा प्रवास टाळावा आणि गर्दी होऊ नये. तिप्पट म्हणजे किंचित, हे गणित तूर्त सोडून देऊ. मला त्यामागचा विचार महत्त्वाचा वाटतो. विषाणूला रोखायला महागाई वापरायची. आणि ती कुणावर? दहा रुपयांचं तिकीट काढून तीन स्टेशनं जाणाऱ्यावर. जो टाळता येण्यासारखा प्रवास करतच नाही, त्याच्यावर. कुणी पॅसेंजरने सहलीला गेल्याचं तुम्ही ऐकलं आहे का?

नोव्हेंबर २०२१मध्ये ‘स्पेशल’ हा शिक्का काढायचं ठरलं. वर्तमानपत्रांत मथळे आले की रेल्वे पूर्वपदावर. पण जनरल डबे पूर्ववत करण्याचा आदेश निघायला फेब्रुवारी २०२२ उजाडलं. आणि पॅसेंजरचं जुनं भाडं परत यायला फेब्रुवारी २०२४. लोकसभेच्या निवडणुका तोंडावर आल्या होत्या, तेवढा योगायोग धरून चाला. विमानभाड्याचा पट्टा उठल्यानंतर दीड वर्षाने आत्याच्या दहा रुपयांना दहा रुपये म्हटलं गेलं. ज्येष्ठांची सवलत तर २० मार्च २०२०ला स्थगित झाली ती पाच वर्षांनंतरही परतलेली नव्हती. साठीच्या पुढच्या पुरुषांना ४० टक्के आणि अठ्ठावन्नच्या पुढच्या बायकांना ५० टक्के. थांबवली होती ती म्हाताऱ्यांनी घराबाहेर पडू नये म्हणून. म्हाताऱ्यांच्या जिवाची ती काळजी पुढे रेल्वेच्या तिजोरीची काळजी कधी झाली, ते कळलंच नाही.

याच काळात एक गोष्ट घडली, जिची आठवण शहरातल्या लोकांना कमी आहे. ऑक्टोबर २०२१च्या अखेरीपासून एप्रिल २०२२पर्यंत एसटीचा संप होता. कामगारांच्या मागण्यांबद्दल मला सहानुभूतीच आहे, पण गावातल्या माणसाच्या बाजूने तो हिवाळा आठवा. पॅसेंजर आलेली नाही आणि लाल डबाही उभा. शाळा सुरू झालेल्या, कॉलेज सुरू झालेली. त्या सहा महिन्यांत किती पोरींनी बारावीनंतर कॉलेज सोडलं, याचा हिशेब कुठल्या वेळापत्रकात मांडायचा?

आता कोकणाकडे येतो, कारण तिथे हे सगळं एका गाडीत दिसतं. रत्नागिरी–दादर पॅसेंजर. विन्हेरे, दिवाणखवटी, कळंबणी, अंजनी, कामथे, आरवली, उक्षी अशा स्टेशनांची ती गाडी. चाकरमान्याची गाडी. तांदूळ, कुळीथ, आंब्याची पेटी, फणस, आणि परतीच्या वेळी मुंबईचा खाऊ. करोनानंतर ती परतली ती दिव्यापर्यंतच. कारण दिलं गेलं वक्तशीरपणाचं. म्हणजे दादरपर्यंत नेली तर लोकलच्या वाहतुकीला अडथळा होतो.

दिवा ते दादर हे अंतर तीस-पस्तीस किलोमीटरचं. नकाशावर काहीच नाही. पण सहा-सात तास बसून आलेल्या, गुडघे धरलेल्या, दोन पिशव्या आणि एक गोणी घेतलेल्या बाईने दिव्याला उतरायचं, जिना चढायचा, उतरायचा आणि आधीच भरलेल्या लोकलमध्ये घुसायचं, म्हणजे काय, हे ज्याने दिवा स्टेशन पाहिलं आहे त्याला सांगायला नको. दिव्याच्या माणसाला स्वतःच्या स्टेशनात लोकलमध्ये चढता येत नाही. या शेवटच्या तीस किलोमीटरच्या भीतीने आधीचे तीनशे किलोमीटर रद्द होतात. मग खासगी बस, तिचं सणासुदीचं भाडं, आणि तो महामार्ग. मुंबई–गोवा महामार्गाबद्दल मी या लेखात काही लिहिणार नाही, रक्तदाब वाढतो.

या गाडीवरून कोकणात एक भांडण चालतं आणि त्यात मला पडायचं आहे. दादरहून गोरखपूरला विशेष गाडी सुटते, आणि पुष्कळांचा राग त्या गाडीवर आहे. आमची जागा उत्तरेकडच्यांनी घेतली म्हणे. मित्रहो, गोरखपूरच्या गाडीच्या जनरल डब्यात कोण बसतं ते एकदा जाऊन बघा. करमाडच्या रुळांवर जे झोपले होते, तशीच माणसं तिथे बसतात. त्यांची आणि तुमच्या चुलत्याची मागणी एकच आहे, की बसायला जागा मिळावी आणि गाडी शेवटपर्यंत जावी. दोन गरीब प्रवाशांना एका फलाटासाठी झुंजवणं सोपं असतं. फलाट कुणी वाटले, हे मग कुणी विचारत नाही.

या कोकणाच्या एका खासदाराची इथे आठवण होते. राजापूरचे मधू दंडवते १९७७ साली रेल्वेमंत्री झाले आणि त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी घातली. पहिल्या वर्गाची शोभा वाढवायच्या आधी खालच्या वर्गाची पाठ टेकवायची सोय करावी, असा साधा हिशेब होता. आज मंत्री बदलला की नव्या गाडीचा रंग बदलतो.

समोरच्या बाजूचं म्हणणं मी टाळणार नाही. एक, पॅसेंजर तोट्यात चालते. तुमच्या तिकिटावर छापलेलंच असतं की रेल्वे प्रवासखर्चाच्या सरासरी ५७ टक्केच वसूल करते. (हे वाक्य वाचताना नेहमी वाटतं की हॉटेलवाल्याने ताटाबरोबर ‘तुमच्यामुळे माझं नुकसान होतंय’ अशी चिठ्ठी दिली तर कसं वाटेल.) दोन, प्रत्येक थांबा मिनिटं खातो. गाडी थांबवायला, उभी करायला, पुन्हा वेग घ्यायला, आणि कोकण रेल्वेसारख्या बव्हंशी एकेरी मार्गावर एका गाडीचा उशीर सगळ्यांना भोवतो. तीन, लहान स्टेशनांवर तिकीटविक्री फारशी नाही.

पहिल्याचं उत्तर असं की शाळा, दवाखाना आणि रस्ताही तोट्यात चालतो. रेल्वे स्वतः आपल्या हिशेबात याला ‘सामाजिक सेवेचं ओझं’ म्हणते. सेवा मान्य असेल तर ती चालवा आणि खर्च उघड अर्थसंकल्पातून मागा. ती नकोशी झाली असेल, तर तसं उघड सांगून बंद करा. साथीच्या आडून नको.

दुसऱ्याचं उत्तर कुणीही पॅसेंजरने गेलेला माणूस देईल. एकेरी मार्गावर एक्स्प्रेसला वाट देण्यासाठी पॅसेंजरच बाजूच्या रुळावर उभी राहते, पाऊण पाऊण तास. उशीर ती करत नाही, ती सोसते. चार मिनिटं वाचवायची तर ती कुणाच्या वाट्यातून काढायची, हा हिशेब आधीच ठरलेला असतो.

तिसरं म्हणणं जास्त नीट ऐकायला हवं, कारण ते आकडा घेऊन येतं. आणि तुम्ही फोनवर वाढलेली पिढी आहात, म्हणून हे तुम्हाला चटकन कळेल. आरक्षित प्रवासी मागे खूण सोडतो. त्याचा पीएनआर असतो, वेटिंग लिस्ट असते. चारशे वेटिंग दिसलं की रेल्वे जादा गाडी सोडते. जनरल तिकिटाला वेटिंग नसतं. गाडी नसेल तर त्या प्रवाशाची मागणी कुठल्याच सर्व्हरवर उमटत नाही. दोन वर्षं गाडी बंद ठेवा. माणूस वडापने जायला लागतो, पोरगा कर्जाने दुचाकी घेतो, म्हातारी जाणंच सोडते. मग तिकीटविक्रीचा तक्ता काढा आणि म्हणा, बघा, इथे प्रवासीच नाहीत. हा पुरावा कसला? पाणी तोडून वर ‘या घरात पाणी वापरतच नाहीत’ असं लिहिण्यासारखं आहे.

आणि समजा, वर्षं-दोन वर्षं निवेदनं देऊन थांबा परत मिळाला, तर तो कसा मिळतो पाहिलंत? ‘प्रायोगिक तत्त्वावर’. पूर्वीपासून थांबत असलेली गाडी पुन्हा थांबली, म्हणून मांडव पडतो, फुगे लागतात, खासदार हिरवा झेंडा दाखवतात, फोटो पडतो. लोकांचीच वस्तू लोकांना भेट. टाळ्या आपणच वाजवतो.

विमानाचं काय? तिथे सगळं आलबेल आहे असं वाटेल, कारण आत्तापर्यंत मी त्याच बाजूला झुकतं माप मिळाल्याचं म्हणत आलो. पण ते मुंबई–दिल्लीच्या विमानाचं. लहान गावाच्या विमानाची गोष्ट आत्याच्या पॅसेंजरसारखीच आहे, फक्त उलटी. ‘उडान’ योजना २०१७ साली प्रत्यक्षात आली. तासाभराच्या उड्डाणाला साधारण अडीच हजार रुपये, तोट्याची भरपाई तीन वर्षं सरकारकडून, आणि त्यासाठी पैसा मोठ्या मार्गांवरच्या उड्डाणांवर आकार लावून. कल्पना खरोखर चांगली. मुंबई–दिल्लीवाल्याने नांदेड–जळगाववाल्याला थोडा हात द्यायचा. जळगाव, नांदेड, कोल्हापूर ही नावं विमानाच्या फलकावर आली.

मग साथ आली. मोठ्या कंपन्यांनी तोटा सोसला, लहान कंपन्यांना तो झेपेना. या तिन्ही गावांना जोडणारी ट्रूजेट फेब्रुवारी २०२२मध्ये थांबली आणि पुन्हा उभी राहिली नाही. सिंधुदुर्गचा चिपी विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ला वाजतगाजत सुरू झाला. अनुदानाची तीन वर्षं भरली आणि २०२४च्या ऑक्टोबरात मुंबईची ती सेवा थांबली. हे कोकणापुरतं नाही. महालेखापरीक्षकांचा २०२३चा अहवाल सांगतो की पहिल्या तीन फेऱ्यांत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१पैकी तीन वर्षं पूर्ण केली ११२नी. आणि अनुदान संपल्यावरही मार्च २०२३मध्ये चालू होते ५४. सातशे चौऱ्याहत्तरातले चोपन्न.

म्हणजे रेल्वेत घातलेला तात्पुरता निर्बंध कायमचा झाला आणि विमानात दिलेलं कायमचं वचन तात्पुरतं निघालं. दोन्हीकडे मरण लहान स्टेशनाचं आणि लहान विमानतळाचं. मोठ्या गावांना जोडणाऱ्या गोष्टी, मग ती वंदे भारत असो की मुंबई–दिल्ली विमान, साथीतून धडधाकट बाहेर आल्या.

ब्रिटनमध्ये एक गमतीदार प्रकार आहे. तिथे एखाद्या मार्गावरची प्रवासी सेवा किंवा स्टेशन कायमचं बंद करायचं तर कायद्याने सूचना काढून लोकांशी सल्लामसलत करावी लागते. ती कटकट टाळायला काही मार्गांवर कंपन्या आठवड्यातून एकच गाडी चालवतात, रिकामी, भलत्याच वेळेला. लोक त्यांना ‘पार्लमेंटरी ट्रेन’ म्हणतात आणि हौशी मंडळी मुद्दाम जाऊन त्यात बसतात. हास्यास्पद आहे, मान्य. पण गाडी चोरून मारायची तर तिथे निदान एवढं नाटक तरी करावं लागतं. आपल्याकडे एक परिपत्रक पुरतं, आणि ते फलाटावर लावावं लागत नाही.

म्हणून मागणी करायचीच तर नव्या गाडीची करू नका. नवी गाडी मागितली की रंग, नाव आणि झेंडा मिळतो. २२ मार्च २०२०च्या आदल्या दिवशीचं वेळापत्रक मागा. त्यातली कुठली गाडी, कुठला थांबा आज नाही, याची विभागवार यादी रेल्वेने छापावी, आणि प्रत्येक ओळीसमोर कारण लिहावं. जिथे कारण ‘करोना’ आहे, तो थांबा दुसऱ्या दिवसापासून चालू. जिथे कारण दुसरं आहे, तिथे तालुक्याच्या गावी सुनावणी घ्या, संध्याकाळी, लोक कामावरून आल्यावर. आणि पुढच्या साथीत, पुरात, कशातही, प्रवासावर निर्बंध घालणारा आदेश निघेल त्यावर त्याची शेवटची तारीख छापलेली असावी. औषधाच्या पाकिटावर असते तशी. तारीख उलटली की आदेश मेला. वाढवायचा असेल तर पुन्हा काढा, पुन्हा सही करा, पुन्हा कारण द्या. विमान कंपन्यांसाठी हे सगळं झालं होतं, तेव्हा करता येत नाही असं कुणी सांगू नये.

तुम्ही काय करू शकता? निवेदनावर सही वगैरे ठीकच. पण जनरलचं तिकीट काढा. लहान स्टेशनावरून चढत असाल तर त्याच स्टेशनाचं काढा, पुढच्या मोठ्या स्टेशनाचं नको. पाच रुपयांचा फरक असला तरी. त्या तिकिटाचा आकडा कुणाच्या तरी टेबलावर जातो. आणि आपल्या स्टेशनाचे थांबे कधी, कुठल्या आदेशाने गेले, हे माहितीच्या अधिकारात विचारा. अर्जाला दहा रुपये लागतात. आत्याच्या जुन्या तिकिटाएवढेच.

परवा आत्याकडे गेलो होतो. ती आता वडापने बारा किलोमीटरवरच्या मोठ्या स्टेशनात जाते, तिथून एक्स्प्रेस. जाताना वीस, नंतर तीस, येतानाही तेवढेच. म्हणून दर महिन्याचं जाणं दोन महिन्यांवर आणलंय. गोळ्या? एक दिवसाआड घेते, मला सांगत होती, जणू काही युक्तीच सापडली आहे.

तिला फोनवर गाडी कुठे आहे ते दाखवणारं ॲप उघडून दाखवलं. निळा ठिपका सरकत होता. मोठ्या स्टेशनांची नावं ठळक, वेळेसकट. मधल्या भागावर बोट दाबलं की न थांबणाऱ्या स्टेशनांची नावं बारीक, फिकट अक्षरांत उलगडतात. त्यात तिचं स्टेशन होतं. आम्ही बघत असतानाच ठिपका त्या नावावरून पुढे गेला आणि त्याच वेळी लिंबाच्या झाडापलीकडून गाडीचा आवाज आला, खिडक्या थरथरल्या.

“म्हणजे तुझ्या मोबाइलाला ठाऊक आहे, आम्ही इथं राहतो ते,” आत्या म्हणाली.